अँपार्फे आणि मराठीतले तीन ‘होते’

ओटीवरची (धागाकर्ती)

फ्रेंच शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सर्वांना नमस्कार. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या वर्गात फ्रेंच शिकते आहे आणि देल्फची ए-टू पातळीची परीक्षा देण्याचा विचार आहे. त्या पातळीला स्वतःच्या अनुभवाविषयी भूतकाळात लिहावे लागते, म्हणून सरावासाठी ‘माझे आजोळ’ या विषयावर एक परिच्छेद लिहून दिला होता. वही परत आली तेव्हा त्यातली सहा क्रियापदे तांबड्या शाईने खोडलेली होती आणि समासात ‘काळ पुन्हा पाहा’ एवढेच लिहिलेले होते.

आम्हाला सांगितलेला नियम असा आहे की, वाक्य मनात इंग्रजीत म्हणून पाहावे, तिथे ‘यूज्ड टू’ किंवा ‘वॉज’ आले तर अँपार्फे, म्हणजे अपूर्ण भूतकाळ, वापरावा आणि इंग्रजीचा साधा भूतकाळ आला तर पासे काँपोझे, म्हणजे घडून गेलेली गोष्ट सांगणारा भूतकाळ, वापरावा. मी तो नियम प्रामाणिकपणे पाळला. जिथे इंग्रजी चटकन सुचले नाही तिथे मराठी वाक्याचा काळ पाहून लिहिले. तरीही पुढील सहा वाक्ये चुकली.

‘आम्ही दर मे महिन्यात आजोळी जायचो’ हे मी पासे काँपोझेमध्ये लिहिले. ‘आजोबा ओटीवर बसले होते’ आणि ‘आजी हिरवे लुगडे नेसली होती’ ही दोन वाक्ये मराठीत पूर्ण भूतकाळातली दिसतात, म्हणून फ्रेंचचाही पूर्ण भूतकाळ, म्हणजे प्ल्युस्कपार्फे, वापरला. ‘त्या वर्षी मी तिथे दोन महिने राहत होते’ हे अँपार्फेमध्ये लिहिले आणि तेच खोडले गेले, याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. ‘विहिरीत साप आहे, असे मामा म्हणाला’ यातला ‘आहे’ वर्तमानकाळात ठेवला. ‘मला भीती वाटली’ हे इंग्रजीत ‘आय वॉज अफ्रेड’ होते, म्हणून तिथे अँपार्फे घातला.

फ्रेंच रूपे मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिते आहे आणि जिथे स्पेलिंगचा प्रश्न येईल तिथे अक्षरे फोडून लिहावीत, अशी प्रतिसादकर्त्यांनाही विनंती आहे. रूपे कशी तयार होतात ते मला साधारण येते, पण तिथेही पाया कच्चा असावा अशी शंका आहे, म्हणून सुरुवात तिथूनच झाली तर बरे.

व्याकरणवेडा

मग रूपांपासूनच सुरुवात करतो, कारण अँपार्फे हा फ्रेंचमधला बहुधा सर्वांत सरळ वागणारा काळ आहे आणि तरीही विद्यार्थी त्याला उगाच घाबरतात.

क्रियापदाचे वर्तमानकाळातले ‘नू’चे, म्हणजे ‘आम्ही’चे, रूप घ्यावे, त्याच्या शेवटचे ओ-एन-एस काढून टाकावे आणि उरलेल्या अंगाला प्रत्यय लावावेत. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. ‘नू पार्लों’मधून ‘पार्ल’ उरते आणि ‘झ पार्ले’ म्हणजे ‘मी बोलत होतो’ हे रूप मिळते. प्रत्यय ‘झ’ आणि ‘त्यु’ यांना ए-आय-एस, ‘इल’ आणि ‘एल’ यांना ए-आय-टी, ‘नू’ला आय-ओ-एन-एस, ‘वू’ला आय-ई-झेड आणि अनेकवचनी ‘इल’ला ए-आय-ई-एन-टी असे आहेत. यांतल्या चार रूपांचा उच्चार अगदी सारखाच आहे. ‘मी, तू, तो, ते’ या चौघांसाठी तोंडाने ‘पार्ले’च म्हणायचे, फरक असतो तो फक्त कागदावर. वेगळी ऐकू येतात ती ‘नू पार्ल्यों’ आणि ‘वू पार्ल्ये’ ही दोनच, आणि रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस ‘नू’च्या जागी बहुतेक वेळा ‘ओं’ वापरतो, त्यामुळे तिथेही पुन्हा ‘ओं पार्ले’च येते.

‘नू’च्या रूपापासून सुरुवात का करायची, हे वर्तमानकाळात वेडीवाकडी वागणारी क्रियापदे पाहिली की कळते. ‘पिणे’ हे ‘ब्वार’, पण ‘नू ब्युवों’, म्हणून ‘झ ब्युवे’. ‘घेणे’ हे ‘प्रांद्र’, पण ‘नू प्रनों’, म्हणून ‘झ प्रने’. ‘संपवणे’ हे ‘फिनिर’, ‘नू फिनिसों’, म्हणून ‘झ फिनिसे’. यातला दुहेरी एस विसरणे ही वर्गातली नित्याची चूक आहे. ‘येणे’ या क्रियापदात विद्यार्थी ‘झ व्यँ’वरून अंग काढायला जातात आणि फसतात, ‘नू वनों’वरून ‘झ वने’ असे जावे. ‘करणे’चे ‘झ फझे’ होते. तिथे स्पेलिंगमध्ये एफनंतर ए-आय दिसत असले तरी उच्चार ‘फझे’च आहे, ‘फेझे’ नव्हे. ‘वू फेत’ आणि ‘वू दित’ ही वर्तमानकाळातली आडमुठी रूपे इथे काहीच त्रास देत नाहीत, कारण आपण त्यांच्याकडे पाहतच नाही.

अपवाद एकच आहे, तो ‘असणे’ या क्रियापदाचा. ‘नू सोम’ याच्या शेवटी ओ-एन-एस नसल्यामुळे काढायलाच काही नाही, म्हणून तिथे वेगळे अंग वापरतात आणि ‘झेते, इलेते, नूझेत्यों, वूझेत्ये, इलझेते’ अशी रूपे होतात. ज्या क्रियापदांना ‘नू’चे रूपच नाही, अशी दोन ध्यानात ठेवली की पुरते: ‘पाहिजे असणे’चे ‘इल फाले’ आणि ‘पाऊस पडणे’चे ‘इल प्लवे’.

लेखनात तीन खड्डे आहेत. ‘खाणे’ या क्रियापदात जीनंतर ए-आय येणार असेल तर मध्ये ई ठेवावा लागतो, नाही तर जीचा उच्चार ‘ग’ होईल. मात्र आय-ओ-एन-एसच्या आधी तो ई नको. ‘सुरू करणे’मध्ये त्याच कारणाने सीच्या खाली शेपटी येते आणि ‘नू’, ‘वू’च्या रूपांत ती जाते. तिसरा खड्डा म्हणजे ‘अभ्यास करणे’ आणि ‘हसणे’ यांच्या ‘नू’ आणि ‘वू’च्या रूपांत सलग दोन आय येतात. ती छपाईची चूक वाटते, पण नियमाप्रमाणे बरोबर आहे. ‘पाहणे’ आणि ‘मानणे’ यांत त्याच जागी वायनंतर आय येतो.

थोडे विषयांतर करतो. जुनी फ्रेंच पुस्तके चाळली तर ए-आय-एसच्या जागी ओ-आय-एस छापलेले दिसते. व्होल्तेर यांनी अठराव्या शतकातच ए-आयचा आग्रह धरला होता, पण फ्रेंच अकादमीच्या कोशाने तो मान्य केला १८३५ च्या सहाव्या आवृत्तीत. इंग्रजीने ‘जाणकार’ या अर्थाचा फ्रेंच शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून इंग्रजी ‘कॉनसर’च्या स्पेलिंगमध्ये ओ-आय अजूनही बसलेला आहे, तर फ्रेंचमध्ये त्याच शब्दात आता ए-आय आहे.

शब्दपाखडू

वेडासाहेबांनी रूपे सांगितली, मी वापराकडे वळतो, आणि आधी त्या इंग्रजीच्या नियमावरच बोट ठेवतो. मराठी माणसाने अँपार्फे शिकण्यासाठी इंग्रजीतून जाणे म्हणजे हाताशी विहीर असताना घागर घेऊन शेजारच्या गावाला जाणे आहे. इंग्रजीचा साधा भूतकाळ सवयही सांगतो आणि एकदाच घडलेली गोष्टही सांगतो. ‘वी वेन्ट’ म्हणजे ‘आम्ही गेलो’ की ‘आम्ही जात असू’, हे त्या क्रियापदावरून कळत नाही. मराठीत मात्र हे भेद क्रियापदातच आहेत. ‘मी जात होतो’ हा अपूर्ण भूतकाळ, ‘मी जात असे’ आणि ‘मी जाई’ हा रीती भूतकाळ, बोलण्यातला ‘मी जायचो’ हा त्याचाच भाऊ. या सगळ्यांना फ्रेंचमध्ये एकच रूप आहे आणि ‘मी गेलो’ याला दुसरे. म्हणजे आपल्याकडे भेद जास्त आहेत. चार खण एका खणात रिकामे करायचे, एवढेच काम आहे.

गंमत अशी की ‘मी जात होतो’चे फ्रेंच रूप देवनागरीत ‘झाले’ असे लिहावे लागते. आपले ‘झाले’ म्हणजे संपले, त्यांचे ‘झाले’ म्हणजे अजून चाललेले.

ओटीवरची यांचे पहिले वाक्य त्यामुळे सहज सुटते. मराठीत त्यांनी स्वतःच ‘जायचो’ लिहिले आहे, म्हणजे ‘नूझाल्यों’. त्या इंग्रजीत शिरल्या आणि तिथे ‘वी वेन्ट’ सापडले, म्हणून घोळ झाला. भीतीचे वाक्यही तसेच आहे. ‘मला भीती वाटत होती’ म्हणजे ‘झावे पर’ आणि ‘मला भीती वाटली’ म्हणजे ‘झे यु पर’. पहिल्यात भीती आधीपासून मनात होती. दुसऱ्यात ती त्या क्षणी उभी राहिली. इंग्रजीच्या ‘वॉज’ने हा फरक पुसून टाकला.

हीच किल्ली आणखी काही क्रियापदांना लावून पाहा. ‘झ सावे’ म्हणजे ‘मला माहीत होते’, ‘झे स्यु’ म्हणजे ‘मला कळले’. ‘झ कोनेसे’ म्हणजे ‘मी त्याला ओळखत होतो’, ‘झे कोन्यु’ म्हणजे ‘माझी त्याच्याशी ओळख झाली’. इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांत या जोड्यांना ‘अर्थ बदलणारी क्रियापदे’ म्हणून चौकट करून देतात आणि मुले ती घोकतात. खरे तर मराठीत ‘माहीत असणे’ आणि ‘कळणे’ ही वेगळीच क्रियापदे आहेत, त्यामुळे आपल्याला घोकण्यासारखे त्यात काही नाही.

पेन्सिलटोक

आपल्या प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, परंतु मला शिकवलेली पद्धत वेगळी होती आणि ती मला उपयोगी पडली आहे. लांबलेली क्रिया असेल तर अँपार्फे आणि आखूड क्रिया असेल तर पासे काँपोझे, असे आम्हाला सांगितले होते. सोबत खुणेच्या शब्दांची यादी दिली होती, त्यात ‘नेहमी’, ‘दररोज’, ‘पुष्कळदा’ हे शब्द एका बाजूला आणि ‘अचानक’, ‘एके दिवशी’, ‘काल’ हे दुसऱ्या बाजूला होते. परंतु या पद्धतीप्रमाणे ओटीवरची यांचे ‘दोन महिने राहत होते’ हे वाक्य अँपार्फेमध्येच बसायला हवे होते, कारण दोन महिने हा काही क्षण नव्हे. ते का खोडले गेले, हे मलाही समजलेले नाही.

शब्दपाखडू

प्रश्न चांगला आहे आणि तो विचारल्यामुळे त्या यादीतले भोक दिसले. काळाची लांबी इथे बिलकुल मोजायची नसते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातले ‘शंभर वर्षांचे युद्ध’ १३३७ मध्ये सुरू झाले आणि १४५३ मध्ये संपले. तरी ते ‘११६ वर्षे चालले’ असे लिहिताना फ्रेंच माणूस ‘आ द्युरे’ असा पासे काँपोझेच लिहील. उलट ‘दुपारचे बारा वाजले होते’ हा एक ठोका आहे, पण तिथे ‘इलेते मिदी’ असा अँपार्फे येतो. प्रश्न लांबीचा नसून कडांचा आहे. सांगणारा त्या क्रियेच्या आत उभा राहून बोलतो आहे, तिची सुरुवात आणि शेवट त्याच्या नजरेत नाहीत, तर अँपार्फे. क्रिया बाहेरून, दोन्ही कडांसकट, एका गाठोड्यासारखी दिसते आहे, तर पासे काँपोझे. ‘दोन महिने’ म्हणताच गाठोडे बांधले गेले, म्हणून ‘झे आबिते’.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण वर मी मराठीची फारच बाजू घेतली. या ठिकाणी मराठी आपल्याला दगा देते. ‘मी तीन वर्षे पॅरिसमध्ये राहत होतो’ किंवा ‘काल दिवसभर पाऊस पडत होता’ ही वाक्ये मराठीत अगदी निर्दोष आहेत. मुदत सांगूनही आपण ‘होतो’ वापरतो. फ्रेंचमध्ये मात्र ‘दिवसभर’ म्हटले की ‘इला प्ल्यु’, आणि ‘मी बाहेर पडलो तेव्हा पाऊस पडत होता’ असे म्हटले की ‘इल प्लवे’. तेव्हा मुदत मोजून दिलेली दिसली, किंवा ‘तीन वेळा’, ‘दोनदा’ असा आकडा दिसला, की मराठीचे ऐकू नये. ‘मी तो किल्ला तीन वेळा पाहिला’ यात पुनरावृत्ती असली तरी ती मोजलेली आहे, म्हणून पासे काँपोझे. ‘दर पावसाळ्यात पाहायचो’ यात ती मोजलेली नाही, म्हणून अँपार्फे.

खुणेच्या शब्दांविषयी एवढेच की, ‘नेहमी’ला फ्रेंचमध्ये ‘तूझूर’ म्हणतात आणि ‘मला समुद्र पहिल्यापासून आवडत आला आहे’ हे ‘झे तूझूर एमे’ असे पासे काँपोझेमध्ये म्हणतात. यादी हाताशी असू द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये.

तुलूझकर

मी काही वर्षे दक्षिण फ्रान्समध्ये राहतो आहे आणि ओटीवरची यांची दुसरी-तिसरी चूक मी इथे आल्यावर पहिले वर्षभर रोज करत होतो. (पाहा, ‘पहिले वर्षभर रोज करत होतो’, फ्रेंचमध्ये ‘झे फे’ म्हणावे लागले असते.) त्या दोन वाक्यांचे मूळ मराठीतल्या ‘होता’मध्ये आहे. हा एकच शब्द तीन निरनिराळी कामे करतो आणि फ्रेंचमध्ये त्या तिघांचे तीन रस्ते होतात.

पहिला ‘होता’ सरळ आहे: ‘तो आजारी होता’, ‘तो वाचत होता’. इथे अँपार्फे येतो, त्याबद्दल वाद नाही.

दुसरा ‘होता’ दिसायला पूर्ण भूतकाळाचा आहे, परंतु तो स्थिती सांगतो. ‘आजोबा ओटीवर बसले होते’ म्हणजे बसण्याची क्रिया आधी कधीतरी उरकली होती, हे आपल्याला सांगायचे नसते. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा आजोबा बसलेल्या अवस्थेत दिसले, हे सांगायचे असते. फ्रेंच त्या अवस्थेकडे पाहते आणि ‘इलेते आसी’ म्हणते. ‘आजी हिरवे लुगडे नेसली होती’ म्हणजे ते तिच्या अंगावर होते, म्हणून ‘एल पोर्ते’. ‘बाळ झोपले होते’ म्हणजे ‘इल दोर्मे’. ‘मी तासभर थांबलो होतो तेव्हा कुठे बस आली’ यातला ‘थांबलो होतो’ही ‘झातांदे’ होतो, कारण बस आली त्या घटकेला थांबणे चालूच होते. बसणे, उभे राहणे, झोपणे, थांबणे, नेसणे, घालणे, टेकणे, लटकणे ही आपली क्रियापदे या बाबतीत एका माळेचे मणी आहेत. एक साधी परीक्षा सांगतो. वाक्यातल्या ‘बसले होते’च्या जागी ‘बसलेले होते’ घालून पाहावे. वाक्य न बिघडता तोच अर्थ राहिला, तर फ्रेंचमध्ये अँपार्फे येण्याची शक्यता दाट आहे.

तिसरा ‘होता’ सर्वांत लबाड आहे. ‘गेल्या वर्षी मी गोव्याला गेलो होतो.’ मराठीत गोष्ट थोडी मागे पडली, तिचा आजच्याशी संबंध तुटला, की आपण सहज ‘गेलो होतो’ म्हणतो. त्याच्या अलीकडे दुसरी कोणती घटना असावीच, असे काही नसते. फ्रेंचचा प्ल्युस्कपार्फे मात्र अशी दुसरी घटना मागतो. ‘गाडी आली तेव्हा मी निघून गेलो होतो’ असे वाक्य असेल तरच तो शोभतो. नुसते गोव्याला जाणे असेल तर ‘झ स्वी झाले’ एवढेच पुरे. मी ऑफिसातल्या लोकांना सुट्टीविषयी सांगताना प्रत्येक वाक्य प्ल्युस्कपार्फेमध्ये सुरू करत असे, आणि समोरचा माणूस पुढे काय झाले ते ऐकण्यासाठी ताटकळत राही. पुढे काहीच झालेले नसे.

ओटीवरची

‘बसलेले होते’ची परीक्षा फारच कामाची आहे, मनापासून आभार. एक शंका ऐकण्याविषयी विचारते. ‘मी बोलत होते’ हे ‘झ पार्ले’ आणि ‘मी बोलले’ हे ‘झे पार्ले’ असेल, तर श्रवणाच्या परीक्षेत हा फरक पकडायचा तरी कसा? देवनागरीत लिहिल्यावर तर फक्त एका मात्रेचा फरक उरतो.

तुलूझकर

त्या एका मात्रेकडेच कान द्यायचा. प्रमाण उच्चारात अँपार्फेचा शेवटचा ‘ए’ थोडा उघडा असतो आणि पासे काँपोझेतला मिटलेला असतो, पण देवनागरीत दोन्ही एकाच मात्रेने लिहावे लागतात आणि मराठी कानालाही तो भेद लवकर लागत नाही. शिवाय माझ्या भागात, म्हणजे तुलूझच्या बाजूला, स्थानिक लोकही बहुतेक दोन्हीकडे मिटलेलाच ‘ए’ उच्चारतात, त्यामुळे तेही शेवटावरून काळ ओळखत नाहीत. क्रियापदाच्या आधी काय आले ते ऐकावे. ‘झ’ ऐकू आला तर अँपार्फे, ‘झे’ ऐकू आला तर पासे काँपोझे. तसेच ‘इल पार्ले’ आणि ‘इला पार्ले’. स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदात हे अवघड जाते: ‘झाबिते’ म्हणजे राहत होतो, ‘झे आबिते’ म्हणजे राहिलो. तिथे मीही अजून अधूनमधून चुकतो आणि मागच्यापुढच्या वाक्यांवरून सावरून घेतो.

मधली_सुट्टी

पाचवे वाक्य, ते मामाचे, अजून कोणी घेतलेले दिसत नाही, म्हणून मी घेते. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण त्याच्या तोंडचा काळ तसाच ठेवतो. मामा ‘साप आहे’ म्हणाला, तर आपणही ‘साप आहे, असे मामा म्हणाला’ असेच सांगतो. फ्रेंचमध्ये ‘म्हणाला’ भूतकाळात गेला की त्याच्यामागून ‘आहे’लाही जावे लागते आणि तो अँपार्फे होतो: ‘इला दी किल यावे अँ सेर्पां’. साप अजूनही विहिरीत असला तरी सहसा असेच लिहितात. ‘तो म्हणाला की मला बरे नाही’ याचेही ‘इला दी किलेते मालाद’ असे होते. इथे मराठीवर विसंबून अजिबात चालत नाही.

‘जर-तर’च्या वाक्यांतही मराठी अशीच गोत्यात आणते. ‘वेळ असता तर मी आलो असतो’ यात आपल्याकडे दोन्ही बाजूंना ‘असता, असतो’ असते. फ्रेंचमध्ये ‘जर’च्या म्हणजे ‘सि’च्या बाजूला अँपार्फे आणि ‘तर’च्या बाजूला संकेतार्थी रूप येते: ‘सि झावे ल तां, झ व्यँद्रे’. दोन्ही बाजूंचे प्रत्यय सारखेच आहेत, मात्र दुसऱ्या बाजूला त्यांच्या आधी आर असतो. मराठी विद्यार्थी सवयीने तो आर दोन्हीकडे घालतात. फ्रेंच मुलांनाही ही खोड असते, म्हणून तिथे ‘ले सि नेम पा ले रे’ असे घोकवून घेतात, म्हणजे ‘सि’ला ‘रे’ आवडत नाहीत. त्याच उच्चारांचा ‘करवतींना पाकट मासे आवडत नाहीत’ असाही अर्थ निघतो, त्यामुळे तो मुलांच्या चांगला लक्षात राहतो.

याउलट काही ठिकाणी मराठी आणि फ्रेंच इतक्या जवळून चालतात की शिकवायला काही उरतच नाही. अदबीने बोलताना आपण ‘मला एक विचारायचे होते’ म्हणतो. विचारायचे आत्ताच असते, पण ‘होते’ने शब्दाची धार बोथट होते. फ्रेंच माणूस नेमके तेच करतो: ‘झ वूले वू दमांदे’. ‘सिनेमाला गेलो तर?’ असे आपण सुचवतो, तोही ‘सि ओनाले ओ सिनेमा?’ असेच म्हणतो. आणि थोडक्यात बचावल्यावर आपण ‘आणखी एक पाऊल, आणि मी पडलेच होते!’ म्हणतो, प्रत्यक्षात पडलेलो नसतानाही. फ्रेंचमध्ये ‘अँ पा द प्ल्युस ए झ तोंबे’ यात अँपार्फे तसाच येतो. आपल्या कहाण्यांची सुरुवात ‘आटपाट नगर होते’ अशी असते आणि त्यांच्या परीकथांची ‘इलेते त्युन फ्वा’ अशी.

लहान मुलांच्या खेळात मात्र वाटा पुन्हा वेगळ्या होतात. आपली मुले ‘मी डॉक्टर असते हं, आणि तू पेशंट असतोस’ असे ठरवून खेळ मांडतात. फ्रेंच मुले तीच वाटणी अँपार्फेमध्ये करतात, ‘म्वा, झेते ल दोक्तर’.

व्याकरणवेडा

वर्तमानपत्रे किंवा चरित्रे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा देतो, कारण वरचे सगळे पाठ झाल्यावर हे वाक्य समोर येते आणि विश्वास डळमळतो. ‘२२ मे १८८५ रोजी व्हिक्तोर ह्युगो यांचे पॅरिसमध्ये निधन झाले’ हे फ्रेंच लेखक ‘मूरे’ असे अँपार्फेमध्ये लिहू शकतो. तारीख नेमकी आहे, घटना एकदाच घडलेली आहे, मोजलेली आहे, तरीही अँपार्फे. ही लेखनातली एक लकब आहे. वाचकाला त्या क्षणाशी थोडा वेळ थांबवून धरण्यासाठी ती वापरतात, आणि फुटबॉलच्या वार्तांकनातही गोल असाच नोंदवला जातो. वाचताना ओळखावी, ए-टूच्या पेपरात वापरू नये; तपासणारा ती चूकच धरील.

ओटीवरची

सर्वांच्या प्रतिसादांवरून परिच्छेद पुन्हा लिहिला आहे. कृपया तपासावा.

‘शाक आने, ओ म्वा द मे, नूझाल्यों शे मे ग्रांपारां. मों ग्रांपेर एते आसी स्यु ला वेरांदा. मा ग्रांमेर पोर्ते अँ सारी वेर. सेत आने-ला, झे आबिते द म्वा ला-बा. अँ झूर, मोनोंक्ल आ दी किल यावे अँ सेर्पां दां ल प्वी. झे यु पर. पांदां कात्र झूर, झ नाले पा ओ प्वी.’

शेवटचे वाक्य नवीन घातले आहे: ‘चार दिवस मी विहिरीकडे जात नव्हते.’ मराठीत ‘जात नव्हते’ आहे, म्हणून अँपार्फे ठेवला.

शब्दपाखडू

ताई, आधीची सर्व वाक्ये बरोबर आहेत. फक्त ‘आबिते’ऐवजी ‘झे पासे द म्वा’, म्हणजे ‘दोन महिने घालवले’, असे लिहिले तर सुट्टीला जास्त शोभेल, कारण ‘आबिते’मध्ये बिऱ्हाड थाटल्याचा वास आहे. शेवटचे वाक्य मात्र पुन्हा पाहा. ‘चार दिवस’ तुम्ही मोजून दिले आहेत.

ओटीवरची

मोजून दिले आहेत, खरेच, आणि पुन्हा मराठीचेच ऐकले. आता असे लिहिते: ‘पांदां कात्र झूर, झ न स्वी पा झाले ओ प्वी.’ बरोबर?

तुलूझकर

बरोबर. आणि यातला ‘झाले’ वरच्या ‘झाले’पेक्षा वेगळा आहे, हेही लक्षात घ्या. इथला झ ‘पा’च्या शेवटच्या मुक्या एसमधून आलेला आहे, म्हणून तो ‘झाड’मधल्या झसारखा दातांपाशी म्हणावा, ‘मी जात होते’मधला झ ‘झेंडा’मधल्या झच्या जवळचा आहे.